पिवळी पिन : नव्या कन्सोलने एचडीला आधार द्यावा काय, या चुकीच्या प्रश्नाचा इतिहास

(१)
खेळाचा नवा कन्सोल येणार अशी वार्ता आली की एक जुना वाद नव्याने उकरला जातो. नव्या यंत्राने अधिक रेषांच्या, अधिक स्पष्ट चित्राच्या टीव्हीला आधार द्यावा की नाही? आज तो ‘फोर-के’ आणि ‘एट-के’ या नावांनी चालतो. वीस वर्षांपूर्वी ‘एचडी’ या नावाने चालत होता. दोन्ही बाजूंनी शब्दांची उधळण होते आणि दोन्ही बाजू एकच गोष्ट विसरतात. ती गोष्ट बदलापूरच्या एखाद्या चाळीत टीव्हीच्या पाठीमागे वाकून पिवळी पिन शोधणाऱ्या मुलाला मात्र पक्की ठाऊक होती. हा धागा त्या विसराळूपणाविरुद्ध आहे.

(२)
प्रारंभ मार्च २००५ पासून करणे सोयीचे. सॅन फ्रान्सिस्को येथे गेम बनवणाऱ्यांची वार्षिक परिषद भरली होती. मायक्रोसॉफ्टचे जे. अ‍ॅलर्ड व्यासपीठावर आले आणि त्यांनी ‘एचडी युग’ सुरू झाल्याची घोषणा केली. घोषणेला वजन यावे म्हणून श्रोत्यांमध्ये एक हजार एचडी टीव्ही वाटण्यात आले. जे लोक गेम बनवणार, त्यांच्याच घरी नवा पडदा पोहोचवण्याची ही व्यवस्था होती. तिचा परिणाम काय झाला, हे पुढे येईलच. कारागिराला चष्मा फुकट दिला म्हणून गिऱ्हाइकाची दृष्टी सुधारत नाही.

(३)
त्याच वर्षी निन्टेंडोने नेमकी उलट भूमिका जाहीर केली. पुढे ‘वी’ या नावाने आलेल्या त्यांच्या यंत्रात एचडी नसेल. यंत्र स्वस्त राहील, गेम बनवण्याचा खर्च आटोक्यात राहील, आणि बहुतेक घरांत तसाही जुनाच टीव्ही आहे, असा युक्तिवाद होता. एका पक्षाने भविष्याकडे बोट दाखवले, दुसऱ्याने दिवाणखान्याकडे. मात्र दोघांच्याही नजरेसमोर दिवाणखाना होता तो अमेरिकेचा, जपानचा किंवा युरोपचा. मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावरचा नव्हता.

(४)
त्या मार्गावर तेव्हा काय होते? मुंबईच्या मुख्य स्थानकापासून ६८ किलोमीटरवर बदलापूर. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या लाखाच्या आतबाहेर. २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात. अलीकडे अंबरनाथ, अडीच लाखांचे; त्याच्या अलीकडे उल्हासनगर, पाच लाखांहून मोठे. मुंबईत घर परवडत नाही म्हणून इथे आलेली, पहाटेची लोकल पकडणारी, हप्त्यावर टीव्ही घेणारी माणसे. टीव्ही म्हणजे पिक्चर ट्यूबचा जाडजूड डबा. त्यावर क्रोशाचे झाकण, बाजूला स्टॅबिलायझर, आणि पाठीमागे तीन भोके असली तर नशीब : पिवळे चित्रासाठी, पांढरे आणि लाल आवाजासाठी.

(५)
विजेचे तर बोलायलाच नको. त्या वर्षांत महावितरणच्या क्षेत्रात भारनियमन होते आणि मुंबई शहर त्यातून वगळलेले होते. कारण तिथली वीज वेगळ्या कंपन्यांची. एकाच लोकलने जाणाऱ्या दोन माणसांपैकी एकाच्या घरी दिवा आणि दुसऱ्याच्या घरी मेणबत्ती, हे नित्याचे होते. खेळ जतन करण्याची जागा यायच्या आत दिवे जाणे म्हणजे काय, हे ज्याने भोगले नाही त्याने ‘अखंड अनुभव’ वगैरे शब्द जरा जपून वापरावेत.

(६)
अशा परिस्थितीत सप्टेंबर २००६ मध्ये एक्सबॉक्स ३६० भारतात आला. साधी आवृत्ती १९,९९० रुपयांना. एप्रिल २००७ मध्ये प्लेस्टेशन ३ आला, ३९,९९० रुपयांना. त्या रकमेत रंगीत टीव्हीचे तीन-चार डबे घरी आले असते. आणि कन्सोलचे संपूर्ण वैभव पाहायचे तर त्याला साजेसा सपाट टीव्ही वेगळा घ्यायचा.

(७)
या आकड्यांवरून मराठी चर्चांत एक सोपा निष्कर्ष हमखास काढला जातो : एचडी ही श्रीमंतांची चैन, आपल्याकडे तिची गरज नव्हती, कंपन्यांनी जुन्या टीव्हीपुरतेच यंत्र बनवायला हवे होते. दुसरा निष्कर्ष याच्या विरुद्ध आणि तितकाच आळशी : काळ पुढे जातो, मागे राहिलेल्यांसाठी कोणी थांबत नाही, डबा भंगारात द्या. दोन्ही निष्कर्ष टिकत नाहीत. का टिकत नाहीत हे पाहण्यासाठी २००५ सोडून १९८२ मध्ये जावे लागते.

(८)
मुंबई दूरदर्शन सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. पहिली दहा वर्षे चित्र कृष्णधवल. १९८२ मध्ये दिल्लीत आशियाई खेळ व्हायचे होते आणि तोवर प्रक्षेपण रंगीत करावे असा आग्रह धरला तो माहिती व नभोवाणी मंत्री वसंत साठे यांनी. विदर्भाच्या राजकारणातले हे गृहस्थ बोलायला फटकळ आणि आपल्या मताला चिकटून राहणारे. टीका भरपूर झाली. ज्या देशात पिण्याचे पाणी नाही त्या देशाला रंगीत टीव्ही कशाला? हा पैशांचा अपव्यय, हे मूठभरांचे लाड. आजचे ‘एचडी ही चैन’ हे वाक्य त्या वादातून जसेच्या तसे उचललेले आहे. फक्त रंगाच्या जागी रेषा आल्या.

(९)
१५ ऑगस्ट १९८२ रोजी स्वातंत्र्यदिनाचे रंगीत प्रक्षेपण झाले, नोव्हेंबरात आशियाई खेळ झाले. आता विचारावे ते असे : त्या दिवशी ज्यांच्या घरी कृष्णधवल संच होता, म्हणजे जवळजवळ प्रत्येकाच्या घरी, त्यांचे काय झाले? काहीच झाले नाही. त्यांना तेच चित्र, त्याच वेळी, त्याच अँटेनावर दिसले. फक्त कृष्णधवल दिसले. नवे यंत्र घ्यावे लागले नाही, वेगळा डबा लावावा लागला नाही, कोणाला अर्ज करावा लागला नाही.

(१०)
हे आपोआप घडलेले नव्हते. भारताने स्वीकारलेली पाल ही रंगपद्धती जर्मनीत टेलिफंकन कंपनीत वॉल्टर ब्रुख यांनी विकसित केली होती आणि तिच्या रचनेतच एक अट होती. ६२५ रेषांचा जुना कृष्णधवल संकेत तसाच ठेवायचा; रंगाची माहिती एका वेगळ्या उपलहरीवर बसवून त्यातच मिसळायची. रंगीत संच ती उपलहर वेगळी काढतो. कृष्णधवल संचाला ती समजत नाही आणि तो तिच्या वाटेला जात नाही. नव्याला सर्व काही मिळते, जुन्याचे काही हिरावले जात नाही. अमेरिकेची एनटीएससी पद्धतीही याच तत्त्वावर उभी होती, कारण तिथल्या नियामकांनीच तशी अट घातली होती.

(११)
म्हणजे साठे यांचे टीकाकार चुकले ते इथे. त्यांना वाटले रंग आला म्हणजे गरिबाचा संच बाद झाला. झाला नाही. नव्वदच्या दशकातही चौदा इंची कृष्णधवल पोर्टेबल संच विकले जात होते आणि त्यांवर रंगीत मालिका सुखाने दिसत होत्या. रंग चैन होता की गरज, हा वाद कधी मिटलाच नाही. त्याने कोणाचे नुकसान झाले नाही म्हणून तो विसरला गेला. अभियंत्यांनी घातलेल्या एका अटीने राजकारण्यांचे निम्मे भांडण वाचवले, असेही म्हणता येईल.

(१२)
हीच सुजाणता, बहुधा नकळत, त्या स्वस्त व्हिडिओ गेमांतही होती ज्यांना आज हसून ‘नकली’ म्हटले जाते. निन्टेंडोचा फॅमिकॉम जपानात जुलै १९८३ मध्ये आला. त्याच्या तैवानी आणि चिनी नकला पुढची वीस वर्षे जगभर विकल्या गेल्या. भारतात समुराई, मीडिया, लिटल मास्टर ही नावे पस्तिशी-चाळिशीतल्या वाचकांना आठवतील. गेमच्या कार्ट्रिजला ‘कॅसेट’ म्हणायचे आणि ती चालेना तर तोंडाने फुंकर मारायची, हा शिष्टाचार त्याच काळातला.

(१३)
उल्हासनगरचा उल्लेख इथे अपरिहार्य आहे. ८ ऑगस्ट १९४९ रोजी, कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांच्या वस्तीला हे नाव मिळाले, आणि काही दशकांत ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद महाराष्ट्रभर झाला. विनोदात तुच्छता आहे. वास्तवात आदर वाटावा असे कौशल्य होते. जे महाग आणि परदेशी, ते जवळ आणि स्वस्त करून देण्याची ही बाजारपेठ. डोंबिवलीपासून कर्जतपर्यंतच्या घरांत इलेक्ट्रॉनिक वस्तू कुठून आल्या, याचा शोध घेतल्यास बऱ्याच वाटा इथे येऊन मिळतात.

(१४)
त्या नकली यंत्रांच्या पाठीमागे दोन मार्ग असत. ज्या टीव्हीला पिवळी पिन घेता येते त्याला ती. ज्याला येत नाही त्याच्या अँटेनाच्या भोकात आरएफची वायर. मग टीव्हीचे चॅनेल फिरवत बसायचे. मुंग्या, मुंग्या, मुंग्या, आणि एकदम चित्र. रंगीत टीव्हीवर रंगीत, कृष्णधवलवर कृष्णधवल. २५६ बाय २४० ठिपक्यांचे ते चित्र इतके ठसठशीत रेखलेले असे की चौदा इंची डब्यावर, चाळीतली सहा पोरे दाटीने बसली तरी शेवटच्यालाही उडी कुठे मारायची ते दिसे. या यंत्राने ‘तुमच्या घरी कोणता टीव्ही आहे’ असा प्रश्न कोणालाच विचारला नाही.

(१५)
गोडवे मात्र अर्धेच गावेत. ते खेळ मुळात सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या जपानी-अमेरिकी टीव्हीसाठी लिहिलेले. आपला पाल टीव्ही ५० वेळा बदलणारा. त्यामुळे पाल देशांसाठी बनलेल्या अधिकृत यंत्रांवर तेच खेळ सहाव्या हिश्श्याने संथ चालत आणि अनेकदा वर-खाली काळ्या पट्ट्या दिसत. पाल देशांना दुय्यम वागणूक देण्याची सवय मोठ्या कंपन्यांना जुनीच. पहिल्या एक्सबॉक्समध्ये एचडी चित्र देण्याची क्षमता होती. अमेरिकेतल्या यंत्रांत ती खुली आणि पाल देशांतल्या यंत्रांत बंद ठेवलेली. चीप तीच, कुलूप वेगळे. एचडी ‘परवडत नाही म्हणून नाही’ हे नेहमीचे उत्तर कधीकधी ‘दिले नाही म्हणून नाही’ असे असते.

(१६)
आता २००६ कडे परत. ऑगस्टमध्ये कॅपकॉमचा ‘डेड रायझिंग’ हा खेळ एक्सबॉक्स ३६० वर आला. खेळ चांगला, गाजलेला. त्यात नायकाला वॉकीटॉकीवर संदेश येतात आणि पुढे काय करायचे ते पडद्यावरच्या मजकुरातून कळते. तो मजकूर एचडी टीव्हीवर सुबक दिसे. जुन्या टीव्हीवर त्याचा करडा चिखल होई. अमेरिकेत आणि युरोपातसुद्धा हजारो घरांत जुनेच टीव्ही होते, तक्रारी झाल्या. मजकूर मोठा करणारी दुरुस्ती कंपनीने काढली नाही.

(१७)
गणित साधे आहे. ७२० रेषांच्या चित्रात एखादे अक्षर १६ रेषा उंच काढले, तर पालच्या ५७६ दृश्य रेषांत त्याला जेमतेम १३ रेषा मिळतात आणि एनटीएससीच्या ४८० मध्ये ११ सुद्धा नाहीत. त्यातही जुना टीव्ही एका वेळी सम किंवा विषम रेषाच रंगवतो, म्हणजे अर्ध्या. हे ज्याच्या टेबलावर २३ इंची एचडी पडदा आहे त्याला कसे दिसावे? इथे (२) मधल्या त्या हजार टीव्हींची आठवण व्हावी.

(१८)
मराठी वाचकाने या ठिकाणी थोडे अधिक थांबावे, कारण रेषांचा प्रश्न रोमन लिपीपेक्षा देवनागरीला जास्त बोचतो. फॅमिकॉमचे चित्र ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकोनांनी बनते. त्यात रोमन मोठे अक्षर आरामात बसते, जपानी काताकानाही बसते. ‘मूर्ती’ हा शब्द बसवून पाहावा : वर रफार, त्याला लागून दुसरी वेलांटी, मध्ये शिरोरेषा, खाली दीर्घ ऊकार. एक मजला पुरत नाही, दोन लागतात. अनुस्वाराचा ठिपका गळला की ‘भांडे’चे ‘भाडे’ होते. आणि शिरोरेषा जर एकाच रेषेच्या जाडीची असेल तर ती जुन्या टीव्हीवर एकाआड एक फेरीतच उमटते, म्हणजे सेकंदाला २५ वेळा लुकलुकते. दूरदर्शनच्या बातम्यांतली नावांची पाटी जाड ठशात असे, ती उगाच नव्हे.

(१९)
म्हणून ‘आपल्याला एचडीची गरज नव्हती’ हे म्हणणे सर्वांत आधी मराठी माणसाने सोडायला हवे. ज्या लिपीत अर्थ वरच्या ठिपक्यात आणि खालच्या शेपटीत असतो, तिला जास्त रेषा हव्यातच. त्या पिढीच्या तिन्ही कन्सोलपैकी एकाच्याही मुख्य पडद्यावर मराठी नव्हती, ही गोष्ट निराळी आणि लाजिरवाणी. एचडीमुळे ती आली नाही, एचडी नसती तरी आली नसती. परंतु ‘जुने ते पुरे’ म्हणणारे आपल्याच अक्षरांची उंची कापून देत आहेत, हे त्यांना दिसत नाही.

(२०)
एचडीवाद्यांचा झेंडाही तपासून पाहण्यासारखा आहे. ७२० रेषांचे चित्र म्हणजे १२८० बाय ७२०. ‘हेलो ३’ हा एक्सबॉक्सचा २००७ मधला मानाचा खेळ प्रत्यक्षात ११५२ बाय ६४० वर चित्र काढत होता. ठिपक्यांत मोजले तर बरोबर ८० टक्के. ‘कॉल ऑफ ड्यूटी ४’ तर १०२४ बाय ६०० वर. यंत्र ते ताणून मोठे करी आणि टीव्ही कोपऱ्यात ‘७२०’ असे दाखवी. म्हणजे युगाची घोषणा करणाऱ्यांनाही चित्राची गती राखण्यासाठी रेषांशी तडजोड करावी लागली. तडजोड त्यांनी केली ती योग्यच. प्रश्न इतकाच की ती अक्षरांच्या बाबतीत का नाही केली? राक्षसाच्या अंगावरचे केस कमी झाले तर चालतात, आणि वाक्य वाचता आले नाही तर चालते, हा अग्रक्रम कोणाचा?

(२१)
विरुद्ध बाजूला निन्टेंडोची बाजू घेणारे लगेच आकडा पुढे करतात : ‘वी’ दहा कोटींहून अधिक विकले गेले, प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० यांपैकी प्रत्येकाहून जास्त. आकडा खरा आहे. त्यावरून एचडी नसणे हे यशाचे कारण ठरत नाही. लोकांनी हात हलवून टेनिस खेळायचा रिमोट घेतला, कमी रेषा घेतल्या नाहीत. आणि निन्टेंडोने स्वतःच २०१२ मध्ये पुढच्या यंत्रात एचडी दिली. जिचे अवगुण सिद्ध झाले होते ती गोष्ट कोणी सहा वर्षांनी पदरात घेत नाही.

(२२)
प्लेस्टेशन ३ बद्दल एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे, कारण ती सहसा थट्टेचा विषय होते. एचडीचा एवढा गवगवा केलेल्या या यंत्राच्या खोक्यात एचडीएमआयची वायर नव्हती. होती ती पिवळी-पांढरी-लाल. लोक हसले. वास्तविक त्या पिढीतला तो सर्वांत समजूतदार निर्णय होता. चाळीस हजारांचे यंत्र घेऊन बदलापूरला आलेला माणूस त्याच रात्री ते आपल्या जुन्या डब्याला जोडू शकत होता आणि टीव्ही पुढच्या दिवाळीला, बोनस मिळाल्यावर घेऊ शकत होता. १९८२ चे तत्त्व हेच : आज आहे त्यावर चालावे, उद्या येईल त्यावर उजळावे.

(२३)
सोनीला भारतातला टीव्ही कोणता हे माहीत नव्हते असेही नाही. २००९ मध्ये, प्लेस्टेशन ३ बाजारात असताना, कंपनीने भारतासाठी खास खेळ काढले ते आधीच्या प्लेस्टेशन २ वर : ‘हनुमान : बॉय वॉरियर’, आणि विटीदांडू, कबड्डी, पतंग असलेला ‘देसी अड्डा’. २०१० मध्ये मुंबईच्या ट्राइन गेम स्टुडिओजने गल्ली क्रिकेटचा खेळ काढला, तोही प्लेस्टेशन २ वर. २०११ मध्ये ‘रा.वन’ चित्रपटावरचा खेळ दोन्ही यंत्रांवर आला. यातले काही खेळ फारच सुमार होते, हे कबूल. पण २००० साली जन्मलेले, कमी रेषांचे यंत्र भारतात दहा-बारा वर्षे का जगले, याचे उत्तर ‘भारतीय गरीब’ इतके सोपे नाही. ते प्रत्येक घरातल्या टीव्हीला जोडता येत होते, हे त्याचे निम्मे उत्तर आहे.

(२४)
जानेवारी २०१३ मध्ये प्लेस्टेशन २ चे उत्पादन थांबल्याचे जाहीर झाले. डिसेंबर २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ भारतात आला, पुन्हा ३९,९९० रुपयांना. त्याच्या पाठीमागे पिवळ्या पिनेची जागा नव्हती. एक्सबॉक्स वनच्याही नव्हती. फक्त एचडीएमआय. एका वर्षात दार बंद झाले.

(२५)
ही तारीख एका दुसऱ्या तारखेशेजारी ठेवून पाहावी. केंद्र सरकारने केबल टीव्हीचे डिजिटलीकरण टप्प्यांनी केले. मुंबईसह चार महानगरे पहिल्या टप्प्यात. दुसऱ्या टप्प्यात, ३१ मार्च २०१३ च्या मुदतीने, ३८ शहरे. त्यांत ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली होती. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर नव्हते. कल्याणनंतर विठ्ठलवाडी, म्हणजे एक स्थानक ओलांडले की सरकारच्या लेखी काळ बदलत होता. उरलेल्या शहरांची मुदत ३१ डिसेंबर २०१५, आणि अनेक ठिकाणी न्यायालयीन आदेशांमुळे तीही पुढे सरकली. राज्यसंस्थेने जिथे डबा-टीव्हीला आणखी दोन वर्षे कायदेशीर आयुष्य दिले होते, तिथे कन्सोलने तो आधीच मृत धरला. आणि सरकारने निदान सेट-टॉप बॉक्स अशा बनवून घेतल्या की त्यांतून पिवळी पिन निघत होती. जुन्या टीव्हीचा मालक केबलवाल्याच्या हिशेबात ग्राहक होता. कन्सोलच्या हिशेबात नव्हता.

(२६)
पिन काढण्यामागे केवळ चित्राच्या दर्जाचा ध्यास होता असे मानणे भाबडेपणाचे आहे. ब्लू-रे चित्रपटांच्या सुरक्षाकरारात अ‍ॅनालॉग मार्ग बंद करण्याची मुदत घातलेली होती : ३१ डिसेंबर २०१३ नंतर बनलेल्या यंत्रांतून अशा चित्रपटांचे चित्र जुन्या वायरीने बाहेर पडता कामा नये. नवे प्लेस्टेशन ब्लू-रेही वाजवणार होते. चित्रपटांच्या तिजोरीला कुलूप लावताना खेळाच्या खोलीचेही दार त्याच कडीने बंद झाले. कंपनीला हवे असते तर खेळासाठी वेगळी खिडकी ठेवता आली असती. यंत्र स्वतः चित्र लहान करून देऊ शकते, प्लेस्टेशन ३ तेच करत होते.

(२७)
मग लोकांनी काय केले? जे नेहमी करतात ते. एचडीएमआयचे पिवळ्या पिनेत रूपांतर करणारी काही शे रुपयांची डबी बाजारात आली. चित्र उमटू लागले, अक्षरे नाही. १०८० रेषांचे चित्र, म्हणजे १९२० बाय १०८०, हे पालच्या ७२० बाय ५७६ च्या बरोबर पाचपट. पाच ठिपक्यांचा एक ठिपका होताना अनुस्वार काय आणि इंग्रजी ‘ई’ची मधली काडी काय, सारेच वाहून जाते.

(२८)
आता दुसरी बाजू, जिच्याबद्दल एचडीवाले बोलत नाहीत. ज्यांनी सपाट टीव्ही घेतला त्यांतल्या बहुतेकांनी ३२ इंची ‘एचडी रेडी’ घेतला. त्याच्या पडद्यावर १३६६ बाय ७६८ ठिपके. हे ७२० ही नव्हे आणि १०८० ही नव्हे. जे येईल ते ताणायचे किंवा दाबायचे. त्यावर जुनी केबल लावली की चित्र डब्यापेक्षा वाईट दिसे, आणि पैसे देऊन वाईट चित्र आणल्याचे घरात कोणी कबूल करत नसे. शिवाय जुन्या गेमची ती बंदूक, बदके मारायची, ती नव्या टीव्हीवर मेली. तिच्या नळीतले डोळे पिक्चर ट्यूबचा प्रकाश ठरलेल्या क्षणी उमटतो का ते पाहत. सपाट टीव्ही चित्र तयार करायला किंचित वेळ घेतो, तो क्षण चुकतो. दुकानदाराने बंदूक बदलून दिली तरी बदक पडत नाही. म्हणजे आधार नव्या यंत्राने जुन्या टीव्हीला द्यायचा असतो, तसा नव्या टीव्हीने जुन्या यंत्रालाही.

(२९)
या सर्वांवर एक सबळ आक्षेप आहे आणि तो टाळणे अप्रामाणिक ठरेल. दोन पडद्यांसाठी काम म्हणजे दुप्पट तपासणी, दुप्पट खर्च. लहान स्टुडिओ त्यात बुडतात. खर्च खरा आहे. पण मागणी दुप्पट चित्रे काढण्याची नाहीच. चित्र यंत्र लहान करते. माणसाने करायचे ते एवढेच, की अक्षरांचा आकार मोठा करण्याचा एक पर्याय ठेवायचा आणि खेळ विकण्यापूर्वी एकदा तरी तो जुन्या डब्यावर लावून, दोन हात मागे बसून वाचून पाहायचा. एका दुपारचे काम. ज्यांनी एक हजार टीव्ही वाटले त्यांना प्रत्येक स्टुडिओत एक जुना टीव्ही ठेवणे जड गेले नसते.

(३०)
पुढे मायक्रोसॉफ्टनेच खेळ सर्वांना खेळता यावेत यासाठी मार्गदर्शक नियम प्रसिद्ध केले. त्यांत टीव्हीवरच्या मजकुराला किमान उंची सांगितली आहे : १०८० रेषांच्या चित्रात २६ ठिपके. हिशेब केला तर ५७६ रेषांच्या डब्यावर ती सुमारे १४ रेषा भरते. ‘डेड रायझिंग’च्या वेळी बदलापूरच्या डब्याला एवढेच हवे होते.

(३१)
प्लेस्टेशन ५ च्या खोक्यावर सुरुवातीला ‘८के’ असे छापलेले होते. २०२४ मध्ये ते खोक्यावरून गुपचूप गेले. भारतात हे यंत्र २ फेब्रुवारी २०२१ रोजी ४९,९९० रुपयांना आले आणि ते ज्या ३२ इंची पडद्यांना जोडले गेले त्यांतले कितीतरी आजही १३६६ बाय ७६८ चेच आहेत. पुढच्या यंत्राची चर्चा सुरू झाली आहे. त्याने किती रेषा द्याव्यात हे विचारणारे पुष्कळ आहेत. त्याच्या मजकुराची किमान उंची किती असेल, त्या ३२ इंची पडद्यावर तो पलंगावर बसून वाचता येईल का, आणि मुख्य पडद्यावर ‘भांडे’ आणि ‘भाडे’ वेगळे दिसतील अशी मराठी असेल का, हे तीन प्रश्न अजून कोणत्याही खोक्यावर छापलेले नाहीत.